मोत्याला बोलता येत नाही, म्हणून...

दोस्तांनो, तुमचं पोट दुखायला लागलं की तुम्ही काय करता? सरळ आईला हाक मारता. "आई गं, इथं दुखतंय," असं म्हणून बोटानं जागा दाखवता. आई विचारते, "काल काय खाल्लंस?" मग तुम्ही थोडं खरं सांगता, थोडं लपवता. (शाळेबाहेरच्या गाडीवरची पाणीपुरी सांगायची नेमकी राहून जाते!) डॉक्टरकाका पोट दाबून बघतात, औषध देतात आणि दोन दिवसांत तुम्ही पुन्हा गाडीसमोर हजर!

पण तुमच्या मोत्याचं काय? मनीचं काय? गोठ्यातल्या कपिलेचं काय? त्यांना ना बोट दाखवता येत, ना काल काय खाल्लं ते सांगता येत. उलट पुष्कळ प्राणी दुखणं लपवतात. जंगलात जो लंगडतो, जो मागे पडतो, तोच आधी शिकाऱ्याच्या तावडीत सापडतो. ती जुनी सवय घरातल्या मांजरातही शिल्लक आहे बरं का! त्यामुळे आपल्या लक्षात येतं तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असतो. आणि नेमकी रात्र असते, नाहीतर रविवार असतो, नाहीतर ऐन दिवाळी!

अशा वेळी काय होतं, काय करावं लागतं, हे ज्यांनी स्वतः अनुभवलंय अशा मुलामुलींचे अनुभव आज तुमच्यासाठी आणले आहेत. मुलांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. प्राण्यांची मात्र दिली आहेत. त्यांची काही हरकत दिसली नाही!

शेरू आणि घोणस

पहिला अनुभव सिंधुदुर्गातला. नववीतला एक मुलगा, त्याची आजी, काका आणि शेरू नावाचा गावठी कुत्रा. पावसाळ्याचे दिवस, संध्याकाळची वेळ. पोफळीच्या बागेत नारळाच्या सोडणांचा ढीग होता. शेरू त्या ढिगापाशी जाऊन भुंकत होता. एकदम केकाटला आणि मागे आला. नाकावर रक्ताचे दोन थेंब. ढिगातून सरपटत गेलेली घोणस काकांनी पाहिली. दहा मिनिटांत शेरूचं तोंड भोपळ्यासारखं सुजलं.

लगेच शेजारीपाजारी जमले. एक म्हणाला, "मांत्रिकाला बोलवा." दुसरा म्हणाला, "तूप पाजा." तिसरा दोरीच घेऊन आला, घट्ट बांधायला. आता तोंडाला चावलेल्या कुत्र्याला दोरी कुठं बांधणार? गळ्याला? मुलानं हे सगळं बाजूला ठेवलं आणि तालुक्याच्या पशुवैद्यांना फोन लावला. दवाखाना बंद झाला होता, पण डॉक्टर जवळच राहत होते. ते म्हणाले, "त्याला चालवू नका, उचलून आणा. मी दवाखाना उघडतो. इंजेक्शन कुठं आहे तेही बघतो."

काका आणि पुतण्यानं गोणपाटाची झोळी केली, शेरूला त्यात ठेवलं आणि रिक्षा केली. पोचेपर्यंत शेरूच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. डॉक्टरांनी त्याचं थोडं रक्त काचेच्या नळीत घेतलं आणि नळी तशीच उभी ठेवली. वीस मिनिटं! "मला वाटलं, एवढी घाई आणि हे नळीकडे काय बघत बसलेत?" तो मुलगा सांगतो. पण ती तपासणीच होती. चांगलं रक्त एवढ्या वेळात गोठतं. शेरूचं गोठलं नाही. घोणशीचं विष रक्ताची गोठण्याची शक्तीच संपवून टाकतं. म्हणजे विष अंगात भिनलं होतं, यात शंका उरली नाही.

मग सलाईनमधून हळूहळू प्रतिविष दिलं गेलं. हे प्रतिविष कसं तयार होतं, ठाऊक आहे? घोड्याला सापाचं विष अगदी थोडं थोडं टोचतात. घोड्याचं शरीर त्या विषाशी लढणारे पदार्थ रक्तात तयार करतं. ते वेगळे काढून, शुद्ध करून इंजेक्शन बनतं. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालतं. म्हणून साप पकडून डॉक्टरांना दाखवायची काही गरज नसते. गंमत म्हणजे माणसाला जे देतात तेच कुत्र्यालाही देतात. घोड्यानं माणसाला वाचवायचं, घोड्यानंच कुत्र्यालाही वाचवायचं!

शेरूचं रक्त सहा तासांनी पुन्हा नळीत घेतलं. या वेळी ते गोठलं. पहाटेचे दोन वाजले होते. डॉक्टर म्हणाले, "आता चहा घेऊ या." शेरूच्या नाकावर आज एक पांढरा चट्टा आहे. आणि सोडणांचा ढीग आता घरापासून चांगला लांब असतो.

एक छोटीशी गोळी

सगळ्याच गोष्टींचा शेवट असा गोड होत नाही. पुण्यातल्या एका सातवीतल्या मुलीनं तिचा अनुभव सांगितला, तेव्हा ती मधेच दोनदा थांबली.

तिच्या मनीला ताप आला होता. मनी शिंकत होती, जेवत नव्हती. आजीला राहवेना. घरात सगळ्यांना ताप आला की जी पॅरासिटामॉलची गोळी देतात, तिची आजीनं अर्धी गोळी कुटली आणि दुधातून मनीला पाजली. अगदी मायेनं. सकाळी बघतात तर मनीचा चेहरा आणि पंजे सुजलेले, श्वास जोरात चाललेला आणि हिरड्या गुलाबी नाहीत, तर चक्क चॉकलेटी!

तो रविवार होता. पहिला दवाखाना बंद. दुसरा बंद. तिसऱ्याच्या दारावर दुसऱ्याच एका दवाखान्याचा पत्ता लिहिलेला. तिथं पोचायला दीड तास गेला. डॉक्टरांनी मनीला लगेच ऑक्सिजनच्या पेटीत ठेवलं. या विषावर उतारा आहे, तोही दिला. पण रात्रभरात बरंच काही होऊन गेलं होतं. संध्याकाळी मनी गेली.

असं का झालं? आपल्या यकृतात म्हणजे लिव्हरमध्ये ही गोळी पचवून निकामी करणारी रसायनं असतात. मांजराच्या यकृतात नेमकं तेच रसायन फार कमी असतं. मग गोळीपासून विषारी पदार्थ तयार होतात आणि ते रक्तातल्या तांबड्या पेशींवर हल्ला करतात. त्या पेशींना प्राणवायू वाहून नेता येत नाही. नाकानं श्वास चालू असतो, पण शरीर आतून गुदमरत असतं. म्हणून हिरड्या चॉकलेटी दिसतात. एवढ्याशा मांजराला एक गोळीसुद्धा जीवघेणी ठरते.

आजी कितीतरी दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत. डॉक्टरांनी मात्र त्यांना त्याच दिवशी समोर बसवून सगळं नीट समजावलं होतं. त्यांच्याकडे अशी मांजरं नेहमी येतात, आणि आणणारी माणसं नेहमी प्रेमळच असतात, हेही सांगितलं होतं. त्या मुलीनं घरच्या औषधांच्या डब्यावर एक कागद चिकटवला: "ही औषधं फक्त माणसांसाठी." आता घरात नवं पिल्लू आलंय. कागद तसाच आहे. आणि तो आजींनी दोनदा नव्यानं लिहून लावलाय.

दोस्तांनो, गोळ्यांसारख्याच आपल्या स्वयंपाकघरातल्या काही साध्या वस्तूही कुत्र्या-मांजरांना घातक असतात. कांदा आणि लसूण त्यांच्या तांबड्या पेशी फोडतात, मग तो कच्चा असो की रश्श्यात शिजलेला. द्राक्षं आणि मनुका कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन कुत्र्याला लवकर पचत नाही. चॉकलेट जितकं कडू आणि काळं, तितका धोका मोठा. "माझ्यातलं थोडं त्याला देतो," हे प्रेम इथं कामाचं नाही!

पंधरा मिनिटांत येतो म्हणाले...

तिसरा अनुभव नागपूरचा. मे महिना. आता नागपूरचं ऊन म्हणजे काय ते विदर्भातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको! एक कुटुंब लाडू नावाच्या पग कुत्र्याला घेऊन बाजारात गेलं. गाडी झाडाखाली लावली, काच दोन बोटं खाली ठेवली. "पंधरा मिनिटांत येतो," म्हणून सगळे दुकानात शिरले. परत आले तर लाडू सीटवर आडवा. जीभ बाहेर, निळसर झालेली. तोंडातून चिकट लाळ.

आपल्याला घाम येतो आणि घाम सुकताना अंग गार होतं. कुत्र्याच्या अंगाला असा घाम येत नाही. त्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना. अंग गार करायचा त्याचा मुख्य उपाय म्हणजे जीभ बाहेर काढून धापा टाकणं. पण आजूबाजूची हवाच तापलेली असेल तर धापा टाकून उपयोग काय? उन्हातली बंद गाडी अर्ध्या तासात बाहेरच्या हवेपेक्षा पंधरा-वीस अंशांनी जास्त तापू शकते. काच थोडी उघडी ठेवल्यानं फारसा फरक पडत नाही. त्यात पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना मुळात श्वास घ्यायलाच त्रास. मग काय होणार?

घरातली दहावीतली मुलगी मात्र शहाणी निघाली. रडारड चालू असताना तिनं पाण्याच्या बाटल्या उघडल्या. लाडूच्या पोटावर, काखेत, मांड्यांमध्ये पाणी ओतलं, गाडीचा एसी त्याच्याकडे वळवला आणि डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, "ओलं करत करतच या. थांबू नका." दवाखान्यात ताप मोजला तर ४१ अंश सेल्सिअसच्या वर! तीन दिवस लाडू तिथंच होता, पण वाचला. डॉक्टर म्हणाले, आधी पाणी मारलं नसतं आणि नुसतं गाडी पळवत आणलं असतं, तर कठीण होतं.

लक्षात ठेवा: ऊन लागलेल्या प्राण्याला आधी गार करायचं, मग न्यायचं. बर्फासाठी धावाधाव करण्यात वेळ घालवू नका. हाताशी असेल ते साधं पाणी आणि वारा पुरेसा असतो. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी मात्र ओतू नका. ते फुप्फुसात जातं.

सलाईनच्या बाटल्यांचे पाच दिवस

ठाण्यातल्या दोघा भावंडांना पावसात भिजलेलं एक पिल्लू सापडलं. काळं-करडं म्हणून त्याचं नाव ठेवलं ढग. "लस पुढच्या आठवड्यात देऊ," असं म्हणता म्हणता तीन आठवडे गेले. एक दिवस ढग उलट्या करू लागला. मग जुलाब, त्यात रक्त आणि भयंकर वास. डॉक्टरांनी तपासणी करून सांगितलं, "पार्व्हो."

हा विषाणू कुत्र्यांमध्ये १९७८ च्या सुमारास पहिल्यांदा लक्षात आला आणि बघता बघता जगभर पसरला. तो पिल्लांच्या आतड्यांचं आतलं अस्तर झडवून टाकतो. त्याला थेट मारणारं नेहमीचं औषध दवाखान्याच्या कपाटात नसतं. डॉक्टर काय करतात, तर सलाईन देऊन शरीरातलं पाणी टिकवतात, उलट्या थांबवतात, दुसरे जंतू शिरू नयेत म्हणून औषध देतात आणि पिल्लाच्या शरीराला लढायला वेळ मिळवून देतात. लढायचं पिल्लानंच!

पाच दिवस ही भावंडं आळीपाळीनं दवाखान्यात बसली. सलाईनची सुई निघू नये म्हणून ढगाचा पाय धरून ठेवायचा, हे त्यांचं काम. तिथंच त्यांनी गणिताचा गृहपाठ केला. खर्चाचा प्रश्न आलाच. सायकलसाठी साठवलेले पैसे गेले, मावशीनं थोडे घातले. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी किती खर्च येईल आणि पिल्लू वाचायची आशा कितपत आहे, दोन्ही स्पष्ट सांगितलं होतं. मोठा भाऊ म्हणतो, "आम्हाला विचारायची लाज वाटत होती. पण बाबा म्हणाले, विचारलं नाही तर ठरवणार कसं?" पाचव्या दिवशी ढगानं चमच्यावरचं चिकनचं पाणी चाटलं. धाकटी बहीण सांगते, "मी एवढ्यांदा ओरडले की कंपाउंडर धावत आले!"

पार्व्होची लस असते. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पहिली, मग साधारण सोळा आठवड्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुढच्या. आणि हा विषाणू जमिनीवर महिनोन् महिने जिवंत राहतो, म्हणून आजारी पिल्लाची जागा ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धुवावी लागते.

"आमचा नंबर आधी होता!"

रात्री-अपरात्री मोठ्या दवाखान्यात गेलात की एक गोष्ट हमखास घडते. तुम्ही आधी येऊन बसलेले असता. तुमच्या मांजराचा पंजा कापलेला असतो. तेवढ्यात कुणीतरी एक कुत्रा हातांवर घेऊन धावत येतं आणि डॉक्टर त्याला आधी आत घेतात. तुम्हाला राग येतो. "हा काय न्याय?"

पण न्याय तोच आहे. इथं नंबर घड्याळावर नसतो, धोक्यावर असतो. ज्याला श्वास घेता येत नाही तो पहिला. ज्याचं रक्त थांबत नाही तो दुसरा. ज्याचं पोट अचानक ढोलासारखं फुगलंय आणि ओकारी येऊनही काही पडत नाही, तोही पुढे. कारण मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट कधीकधी फुगून स्वतःभोवती पीळ घेतं, आणि मग तासाभराचा उशीरही महाग पडतो. बोका लघवीला बसतोय, ओरडतोय आणि थेंबही येत नाही, तर तोही घाईचाच रोगी. पंजा कापलेली मनी या सगळ्यांनंतर. तुम्हाला थांबवून ठेवलंय याचा अर्थ तुमची मनी धोक्यात नाही. उलट आनंदच मानायला हवा, नाही का?

परळचा जुना दवाखाना

प्राण्यांसाठी असे दवाखाने कधीपासून निघाले? प्राण्यांच्या डॉक्टरांसाठी जगातली पहिली शाळा फ्रान्समध्ये लिऑं इथं १७६१ साली निघाली. क्लोद बूर्झला यांनी ती काढली. मुंबईत प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध काम करणारी संस्था १८७४ साली स्थापन झाली. त्याच वर्षी मुंबईत घोड्यांनी ओढायच्या ट्रामगाड्या सुरू झाल्या होत्या. रस्त्यात कोसळलेला घोडा किंवा ओझ्यानं जखमी झालेला बैल, हेच तेव्हाचे तातडीचे रोगी! पुढे १८८० च्या दशकात सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला त्यांच्या पत्नीच्या नावानं बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालय उभं राहिलं. त्याच्याच आवारात १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. परळचं हे रुग्णालय आजही चालू आहे. महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं छोट्या प्राण्यांसाठीचं मोठं रुग्णालय २०२४ साली सुरू झालं.

गावाकडच्या दोस्तांसाठी एक नंबर: १९६२. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी हा फोन फुकट लागतो. गाय, म्हैस, शेळी आजारी असेल तर तो उपयोगी पडतो.

धोक्याच्या खुणा ओळखा

मोत्या बरा असताना त्याला नीट बघून ठेवा. मगच बरं नसताना फरक कळेल.

१. ओठ उचलून हिरड्या बघा. निरोगी हिरडी गुलाबी आणि ओली असते. बोटानं दाबली की पांढरी होते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. पांढरट, निळी, चॉकलेटी किंवा पिवळी दिसली तर लगेच डॉक्टर! (काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात. तिथं डोळ्याची खालची पापणी आतून बघा.)

२. तो झोपलेला असताना मिनिटाला किती श्वास घेतो ते मोजा. तीसच्या आत असतात. झोपेतही सारखे चाळीसच्या वर जायला लागले तर काहीतरी बिघडलंय.

३. कुत्र्या-मांजराचा नेहमीचा ताप आपल्यापेक्षा जास्त असतो, साधारण ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस. त्यामुळे नुसता हात लावून "अंग गरम आहे" म्हणू नका.

४. मांजरानं एक दिवसाहून जास्त काही खाल्लं नाही, तर वाट बघू नका.

५. झटके येणं, उभं राहता न येणं, उंचावरून पडणं, गाडीची धडक लागणं आणि काही विषारी खाल्ल्याचा संशय, यांत "सकाळी बघू" नाही! धडक लागलेला कुत्रा उठून चालायला लागला तरी आत रक्तस्राव होत असू शकतो.

डॉक्टरकडे पोचेपर्यंत

१. आधी फोन, मग गाडी. दवाखाना उघडा आहे का, ते कळतं. तिकडे तयारीही सुरू होते.

२. जे खाल्लं असेल त्याचं पाकीट, गोळ्यांची पट्टी, उलटीचा फोटो बरोबर न्या. उंदराचं औषध खाल्लं असेल तर पाकीट सापडणं फार महत्त्वाचं. काही औषधांनी दोन-तीन दिवसांनी रक्त वाहायला लागतं, आणि त्यावर व्हिटॅमिन के हा उतारा असतो. पण कुठलं औषध, ते डॉक्टरांना कळायला हवं ना!

३. आपल्या मनानं मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका. काही विषं वर येताना घसा जाळतात.

४. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड ठेवून घट्ट दाबून धरा. सारखं उचलून बघू नका.

५. कण्याला मार लागला असेल तर फळी, जाड पुठ्ठा किंवा ताणून धरलेली चादर यावरून न्या.

६. मांजराला टोपलीत किंवा पिशवीत अंधार करून ठेवा. मोकळं नेऊ नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. दुखणारा प्राणी चावतो. तुमचा स्वतःचा, लाडका मोत्यासुद्धा! तो दुष्ट झालेला नसतो, घाबरलेला असतो. तोंड त्याच्या तोंडाजवळ नेऊ नका. मोठ्या माणसाला बरोबर घ्या. चावलाच किंवा ओरखडलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच माणसांच्या डॉक्टरकडे जा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. मुख्य म्हणजे घरी सांगायला घाबरू नका. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर वाचणं जवळजवळ अशक्य असतं, पण वेळेवर घेतलेली लस वाचवते. लुई पाश्चर यांनी १८८५ साली जोसेफ माइस्टर या मुलाला ही लस दिली, तेव्हा तो अवघा नऊ वर्षांचा होता. तो वाचला.

पाळलेला नसला तरी

मकर संक्रांतीला पतंगाच्या मांजात अडकलेली घार, कावळा, कबुतर तुम्ही पाहिलं असेल. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ सालीच बंदी घातली आहे, तरी तो दिसतोच. अडकलेल्या पक्ष्याचा मांजा ओढू नका. पंखाच्या दोन्ही बाजूंनी दोर कापा. पक्ष्यावर हलकं फडकं टाका आणि भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा. चोचीत पाणी ओतू नका. आणि मग प्राणी-पक्ष्यांच्या दवाखान्यात न्या.

माहीत आहे का?

• कुत्र्यांनाही रक्त देतात! एका कुत्र्याचं रक्त दुसऱ्याला देण्याचा प्रयोग इंग्लंडमध्ये रिचर्ड लोअर यांनी १६६५ साली यशस्वी केला. आज गोचिडांमुळे होणाऱ्या तापात रक्त फार कमी झालं तर मोठा, निरोगी कुत्रा रक्तदाता होतो.

• न्यूयॉर्कमध्ये उंच इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. त्यांतली सुमारे ९० टक्के वाचली. पण जरा थांबा! जी जागीच मेली ती दवाखान्यात आणलीच गेली नसणार, मग ती मोजणार कोण? म्हणून आकड्यांवर भुलू नका, खिडकीला जाळी लावा.

• पशुवैद्य व्हायचंय? बारावीला जीवशास्त्र घ्यायचं, 'नीट' परीक्षा द्यायची आणि मग साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम. नागपूरला मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पशुवैद्यकीय महाविद्यालयं मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथं आहेत.

आजच करायचं काम

आता हे पान मिटण्याआधी एक काम करा. एक कोरा कागद घ्या. त्यावर चार गोष्टी लिहा: नेहमीच्या डॉक्टरांचा फोन, रात्री आणि रविवारी उघडा असणारा सगळ्यात जवळचा दवाखाना, तिथं नेऊ शकेल अशा रिक्षावाल्या काकांचा किंवा शेजाऱ्यांचा नंबर, आणि तुमच्या प्राण्याचं वजन व शेवटच्या लशीची तारीख. कागद फ्रीजच्या दारावर किंवा कपाटाच्या आत चिकटवा. तो दवाखाना खरंच रात्री उघडा असतो का, ते एकदा दिवसा फोन करून विचारा. पुण्याच्या त्या मुलीचे रविवारचे दीड तास आठवतात ना?

त्या कागदाची गरज कधीच पडू नये. पण पडलीच, तर मोत्याला काय होतंय ते त्याला सांगता येणार नाही. त्याच्या वतीनं बोलायचं ते तुम्हीच. मग लिहिणार ना कागद? चला तर, पेन कुठं ठेवलंय?